सजग ग्राहक : प्रवेशिका अभ्यासक्रम

लागणारे साहित्य : वाचायचा चष्मा, कापडी पिशवी आणि थोडा निगरगट्टपणा. पहिल्या दोन वस्तू बाजारात मिळतात. तिसरी घरीच तयार करावी लागते, कारण दुकानदाराचा खरा नफा मालात नसून आपल्या भिडेत असतो. दोन रुपयांसाठी कोण वाद घालणार, हे त्याला आपल्याआधी ठाऊक असते.

धडा पहिला : काटा
माल पारड्यात पडण्याआधी आकड्याकडे बघा. तिथे शून्य असायला हवे. भाजीवाला नेमका याच क्षणी विचारतो, “काय ताई, बऱ्याच दिवसांनी?” उत्तर जरूर द्या, पण नजर हलवू नका. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. पडताळणीचा शिक्का शोधत काट्याभोवती एक प्रदक्षिणा घातलीत, तरी वजन आपोआप सुधारते. शेवटी फुकट मिळणाऱ्या कढीपत्त्याने विरघळू नका. त्याचे पैसे बहुधा बटाट्यात वसूल झालेले असतात.

धडा दुसरा : खोका
मिठाईच्या दुकानात पुठ्ठा काजूच्या भावाने विकला जातो. काजूकतली हजार रुपये किलो आणि खोका साठ ग्रॅमचा धरला, तर खोका साठ रुपयांना पडतो. म्हणून आधी रिकामा खोका ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. “सगळीकडे असंच असतं हो,” असे उत्तर येईल. वजन फक्त मालाचे धरायचे असते, हा कायदाही सगळीकडे असाच असतो. तेवढे सांगून शांत उभे राहा.

धडा तिसरा : एमआरपी
ही कमाल किंमत असून तिच्यात सर्व कर आलेले असतात. एसटी स्टँडवर वीसची बाटली पंचवीसला देऊन “थंड करायचे पाच” म्हणतात. तुम्ही एवढेच म्हणा, “तसं बिल द्या.” बिल येत नाही; पाच रुपये परत येतात. मात्र हा प्रयोग हॉटेलच्या टेबलावर करू नका. बसून सेवा घेतली की हॉटेलला पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला आहे. तिथे वाद घालणारा विद्यार्थी नापास.

धडा चौथा : सेवा शुल्क
हॉटेलात निगरगट्टपणा वापरायची जागा बिलाच्या तळाशी आहे. हे शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरले. अडचण कायद्याची नसून टेबलाची आहे. समोर व्याही बसलेले असताना “हे काढून टाका” म्हणता येणे, ही या इयत्तेतील सर्वांत अवघड कसोटी. सुरुवात सख्ख्या भावाबरोबर जेवताना करावी.

धडा पाचवा : सुपरमार्केट
मोठे पाकीट नेहमीच स्वस्त, हा गैरसमज आहे. पाकिटावर बारीक अक्षरांत एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव असतो, चष्मा त्यासाठीच. फळीवरच्या किमतीचा मोबाइलवर फोटो काढा आणि काउंटर सोडण्याआधी बिल वाचा. एकच साबण दोनदा मोजला गेला आहे का? ‘एकावर एक मोफत’मधल्या मोफतचे पैसे लागले आहेत का? मागच्या रांगेतून सुस्कारे ऐकू येतील. ते सोडणाऱ्यांनी आपले बिल कधीच वाचलेले नसते.

धडा सहावा : पेट्रोल पंप
शून्य दिसल्याशिवाय नळी टाकीत जाऊ देऊ नका. संशय आला, तर पाच लिटरचे माप मागा. पंपावर ते ठेवावेच लागते आणि त्यात मोजून दाखवावे लागते.

प्रात्यक्षिक परीक्षा
सुट्ट्या दोन रुपयांऐवजी हातावर टेकवलेली चॉकलेटे नम्रपणे परत करून नाणे मागा. कुठल्याही धड्यात अडलात, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा हा आकडा मोठ्याने उच्चारणेही पुरते.

निकाल
एके दिवशी तुम्ही दुकानात शिराल आणि मालक पोऱ्याला हळूच सांगेल, “यांचं नीट मोज रे.” समजा, तुम्ही उत्तीर्ण झालात. मग बाकीच्यांचे कसे मोजतात, हा पुढच्या इयत्तेचा विषय आहे.