गर्दीच्या आधी

प्रत्येक कुटुंबात एक तरी माणूस असा असतो, ज्याचं कुठे जायचं हे ठरायच्या आत किती वाजता निघायचं हे ठरलेलं असतं. आमच्या घरात हे पद आप्पाकाकांकडे आहे. ते त्यांना कुणी दिलेलं नाही. कुणाला द्यावं याचा विचार सुरू व्हायच्या आधीच ते त्यांनी घेऊन ठेवलं होतं.

पाऊस ओसरला, उन्हात जरा पिवळेपणा आला, की त्यांचा हंगाम सुरू होतो आणि वर्ष संपेपर्यंत चालतो. या तीन-साडेतीन महिन्यांत मराठी माणूस घराबाहेर पडायला कारण शोधत नाही, कारणंच दार ठोठावत येतात. आप्पाकाकांचं म्हणणं एवढंच, की त्यांनी दार ठोठावेपर्यंत आपण घरात कशाला थांबायचं?

दिवाळीची कपडेखरेदी ते पितृपक्षात उरकतात. त्या पंधरवड्यात लक्ष्मी रस्त्यावर दुकानदार आणि कापड एकमेकांकडे बघत बसलेले असतात. आप्पाकाका आत शिरले, की एकाच वेळी चार विक्रेते उठतात. काकांना हा आपला सन्मान वाटतो. आजी मात्र दरवर्षी विचारते, "अरे, पक्षपंधरवड्यात कुणी नवं कापड घेतं का?" काका म्हणतात, "आई, कुणी घेत नाही म्हणूनच घ्यायचं." काकू निमूटपणे साडी पसंत करतात. मग धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी 'जरा वाती संपल्यात' म्हणून बहिणीबरोबर बाहेर पडतात आणि तुळशीबागेत तीन तास धक्के खाऊन, घसा बसवून, दोन पिशव्या भरून परत येतात. चेहरा असा फुललेला, की वाती राहिल्याच हे कुणी बोलून दाखवत नाही.

कासचं पठार हे काकांचं खास प्रेम. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात कासही आलं आणि मग सगळा महाराष्ट्र फुलं बघायला लोटला. काका म्हणतात, "आम्ही त्याच्या आधीपासून जातोय." आता तिथे ऑनलाइन आरक्षण लागतं, माणसांच्या संख्येला मर्यादा असते. एरवी कुणी मर्यादा घातली की माणूस वैतागतो, काका खूश झाले. आरक्षण म्हणजे सरकारने मान्य केलेला 'आधी'. आमचं आरक्षण अर्थातच पहिल्या गटाचं. घर पहाटे साडेतीनला निघालं. खंबाटकी घाटात मुलं झोपलेली, साताऱ्यात आजी जागी झालेली, पुढच्या पंचवीस किलोमीटरच्या चढात पुतणीच्या पोटातला चहा बाहेर आलेला. पठारावर पोहोचलो तर धुकं असं दाट, की पुढच्याची पाठही दिसेना. तेरडा कुठे, सोनकी कुठे, सीतेची आसवं कुठे, काही पत्ता नाही. पाटीवर फुलांची नावं होती, ती काकांनी मोठ्याने वाचून दाखवली. साडेनऊला 'आता गर्दी होईल' म्हणून त्यांनी सगळ्यांना गाडीत कोंबलं. गाडी वळली आणि मागच्या काचेतून पहिलं ऊन पठारावर उतरताना दिसलं. धाकटी ओरडली, "जांभळं, जांभळं!" काका म्हणाले, "बघ, गाडीतूनसुद्धा दिसतं."

ही सवय कुठून आली, हे शोधायला फार खोल जावं लागत नाही. काका ज्या काळात वाढले, त्या काळात रॉकेलच्या रांगेत माणूस उभा राहण्याआधी त्याचा डबा उभा असे. स्कूटरसाठी नाव नोंदवायचं आणि ती येईपर्यंत काही वर्षं बसने हिंडायचं. गॅस, फोन, रेशनची साखर, प्रत्येक गोष्टीआधी एक रांग आणि रांगेच्या शेवटी 'संपलं' असं सांगणारा एक माणूस. त्या माणसाला आयुष्यात पुन्हा भेटायचं नाही, अशी काकांनी तेव्हाच शपथ घेतली असावी. तो माणूस केव्हाच निवृत्त झाला. काकांना अजून ते कुणी सांगितलेलं नाही.

कोजागरीला आटवलेलं दूध साडेसहाला तयार असतं. चंद्र समोरच्या इमारतीच्या टाकीमागून वर यायचा असतो, पण काकांच्या मते बारापर्यंत गच्चीवर सोसायटीची झुंबड उडते आणि केशर नेमकं दुसऱ्यांच्या पेल्यात जातं. त्यामुळे आमच्या घरी दूध चंद्राला दाखवत नाहीत, तो कुठून येणार आहे ती दिशा दाखवतात. रात्री बाराला बाकीचे खरोखर गच्चीवर जमतात. त्यात काकूही असतात, आजीही असते आणि पेले पुन्हा भरलेले असतात. काका तेव्हा गाढ झोपेत असतात. कोजागरीला 'कोण जागं आहे' असं विचारत फिरणारी लक्ष्मी त्यांच्या खिडकीपाशी फार वेळ थांबत नसणार.

दिवाळी अंक ते प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवतात. 'प्रकाशनपूर्व' हा त्यांचा मराठीतला सर्वांत आवडता शब्द असावा. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा आप्पाकाका असते तर त्यांनी १९०८ सालीच वर्गणी भरून पोच मागितली असती.

वर्षातून एक दिवस मात्र त्यांचा हिरमोड होतो. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान करायचं, म्हणजे सगळा महाराष्ट्रच आप्पाकाका होतो. पहाटे चारला उटणं वाटीत भिजवून ते बाहेर येतात, तर शेजारच्या गॅलरीत कुणाचं डोकं तेलाने थबथबलेलं, खाली पोरं कारीट फोडतायत, दिवाळी पहाटेच्या मैफलीला निघालेल्या कुर्त्यांनी जिना भरलेला. काका अस्वस्थ होतात. "आजकाल लोक फार लवकर उठायला लागलेत," असं म्हणताना त्यांच्या आवाजात घरात चोरी झाल्याची व्यथा असते.

एसटीच्या सवलतींनी त्यांना नवं बळ दिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला, मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून काका कुटुंबाकडे माणसं म्हणून बघत नाहीत, तिकिटं म्हणून बघतात. आजी शून्य, काकू अर्धी, सून अर्धी, लेक अर्धी. "आपण पाच जण अडीच तिकिटांत जातो," हे ते अनोळखी सहप्रवाशालाही सांगतात. यात पूर्ण तिकिटाचे एकटे तेच, पण त्यांचा स्वाभिमान दुखावलेला नसतो. त्रिपुरारी पौर्णिमेला असे अडीच तिकिटांत वाईला गेलो. कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी दिवे लागतात, म्हणून काकांनी आम्हाला दुपारी बाराला नेलं. घाट लख्ख रिकामा होता. एक बाई पायऱ्या धूत होत्या. ढोल्या गणपतीचं दर्शन एका मिनिटात झालं. आजीने पायरीवर बसकण मारली आणि जाहीर केलं, "दिवे लागल्याशिवाय मी उठायची नाही. माझं तिकीट फुकटच आहे, कुठल्याही गाडीला चालतं." काकांना या युक्तिवादावर उत्तर सुचलं नाही. त्या एका वर्षी आम्ही दिवे पाहिले. गर्दीत उभे राहून, एकमेकांचे हात धरून, टाचा उंचावून. परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. वारजे येईपर्यंत काका उभेच होते आणि आजीखेरीज सगळ्यांशी अबोला धरून होते.

थंडी पडली की हुरडा. डिसेंबरच्या अखेरीस शेतांवर ही गर्दी होते, म्हणून काकांनी नोव्हेंबरातच नगर रस्त्यावरचं शेत ठरवलं. पोहोचलो, तर शेतकरी गोंधळून बघत राहिला. "काका, ज्वारी अजून पोटऱ्यात हाय. कणीस बाहेर पडायचंय." काकांनी ज्वारीकडे असं पाहिलं, की जणू जरा घाई केली असती तर तिला जमलं असतं. शेवटी त्याने आगटी पेटवून मक्याची कणसं भाजून दिली, तिळाची चटणी दिली, गूळ दिला. काकांनी समाधानाने सांगितलं, "बघा, आख्ख्या शेतात आपणच." तेच भिगवणचं. उजनीच्या पाण्यावर आम्ही रोहित पक्षी बघायला गेलो, ते पक्षी यायच्या आधी. नावाड्याने जिथे ते बसतात ती जागा दाखवली.

सवाई गंधर्व महोत्सवाला काका न चुकता जातात. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या या महोत्सवात भारतीय बैठकीत पुढची जागा मिळवायची, तर आधी जावं लागतं. इथे त्यांची विद्या खरोखर कामाला येते. त्यांनी अंथरलेल्या सतरंजीवर आमची तिसरी पिढी गाणं ऐकते आहे. पण पार्किंगमध्ये गाड्या अडकायच्या आत निघायचं, हा दुसरा नियमही असतोच. त्यामुळे आयुष्यभर सवाईला जाणाऱ्या या रसिकाने तिथली भैरवी एकदाही ऐकलेली नाही.

सिंहगडावर मात्र मी काकांच्या जातीची माणसं एकत्र पाहिली. डिसेंबरातला रविवार, पहाटेचा अंधार, आतकरवाडीच्या पायवाटेवर बॅटऱ्यांची रांग. सगळे गर्दीच्या आधी आलेले. वर पोहोचलो, तर पिठल्याच्या चुली पेटायच्या होत्या आणि त्यांच्याभोवती निदान पन्नास काका कानटोप्या घालून एकमेकांना सांगत होते, "नऊनंतर इथे पाय ठेवायला जागा नसते." पाय ठेवायला तेव्हाही जागा नव्हती. आठला ते सगळे एकदम उतरायला लागले आणि पायवाट तुंबली. नऊला गडावर सामसूम होती, भाकरी गरम होती, दही घट्ट होतं. हे आम्हाला काकूंनी सांगितलं. पाय दुखतो म्हणून त्या मुद्दाम मागे राहिल्या होत्या.

एकतीस डिसेंबरला काकांनी केक संध्याकाळी साडेसहालाच कापायला घेतला. बाराला फटाके, गोंगाट, झोपमोड, कशाला? शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. टीव्हीवर सिडनीत नवं वर्ष लागलेलं दिसत होतं. सुरी केकवर टेकली, तेवढ्यात आतून पुतण्या म्हणाला, "काका, न्यूझीलंडमध्ये तर साडेचारलाच लागलं."

काकांची सुरी तशीच राहिली. मग ते काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? पुढच्या वर्षी केक चारच्या चहाबरोबर."