भरतीची बोट, ओहोटीचं बूड

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या तुकड्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी रोह्यात ज्यांची बारशी झाली ती पोरं दहावीच्या क्लासला जायला लागली, तरी रस्ता अजून रांगतोच आहे. माझ्या मेहुण्याने हे सगळं बऱ्यापैकी सोसलं. पण गेल्या पावसाळ्यात वडखळजवळ त्याच्या गाडीचं पुढचं चाक एका खड्ड्यात गेलं ते ॲक्सल तिथेच ठेवून बाहेर आलं, आणि त्याने चिखलात उभ्या उभ्या जाहीर केलं की यापुढे मुंबईला जायचं ते पाण्यातून.

भूगोल त्याच्या बाजूने होता. रोह्याला खेटून कुंडलिका वाहते, ती साळाव-रेवदंड्याला समुद्राला मिळते, तिथून उजवीकडे वळलं की अलिबाग, मांडवा आणि समोर गेटवे. मधे डायव्हर्जन नाही, ‘काम चालू’चा फलक नाही. नदीला पाण्याचीही ददात नाही. मुळशीच्या धरणाचं पाणी टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरातून १९२७ पासून तिच्यात पडतं, म्हणून तर भर एप्रिलमध्ये कोलाडचे राफ्टिंगवाले पुण्यामुंबईच्या मंडळींना हेल्मेटं घालून रबरी तराफ्यांवर बसवू शकतात. आणि होड्यांचे मोठे विचार करणारा हा काही रोह्यातला पहिलाच नव्हे. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचेच, जन्म १९२० चा. त्यांनी कोळीवाड्यांतून ‘मत्स्यगंधा’ रुजवली. सगळ्या गावाची मिळून एक नौका. मेहुण्याची कल्पना नेमकी उलटी होती: सगळी नौका एकट्याची, आणि गावाने काठावरून बघायचं.

नवी मोटरबोट घ्यायची तर घर विकावं लागलं असतं, आणि घर माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. म्हणून वापरलेली.

पावसाळाभर त्याने अभ्यास केला. रात्री साडेदहाला फोन यायचा. “भावोजी, जुन्या बोटींना ऑस्मोसिस असतो.”

“डॉक्टरांना दाखवायला सांग,” मी म्हणायचो.

पण प्रकार खरा आहे. फायबरच्या बोटीचं अंग म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थरावर थर, आणि सगळ्यात बाहेर जेलकोटचं तुकतुकीत कातडं. बोट वर्षानुवर्षं पाण्यात उभी राहिली की त्या कातड्यातून पाणी कणाकणाने आत झिरपतं. रेझिनमधली न मुरलेली रसायनं त्यात विरघळतात, त्याचा आंबूस द्रव होतो, तो आणखी पाणी ओढून घेतो आणि जेलकोट आतून फुगतो. बाहेर फोड दिसतात. त्याने बोट लगेच बुडते असं नाही. बुडतो तो तिचा भाव. उपाय आहे: जेलकोट सोलून काढायचा, बोट कित्येक महिने वाळवायची, मग इपॉक्सीचे हात द्यायचे. कित्येक महिने वाळवायची, आणि तीही अशा जिल्ह्यात जिथे जूनमध्ये धुतलेला टॉवेल गणपतीत वाळतो!

त्यासाठी मेहुण्याने ओल मोजायचं यंत्र मागवलं. बोट अजून नव्हती, म्हणून ते घरभर लावून झालं. भिंत ओली, कपाट ओलं, लग्नाचा अल्बम ओला. सासूबाईंचा पापडांचा डबा तेवढा कोरडा निघाला, त्याबद्दल त्यांनी आठवडाभर मान ताठ ठेवली.

मुंबईच्या सर्व्हेयरची फी ऐकल्यावर घरातल्या घरात तज्ज्ञ शोधणं आलं. पेणचे मूर्तिकारमामा हे नाव मीच सुचवलं. मामांचा गणपतीचा कारखाना आहे, आणि पेणच्या गणपतीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांचा आवाज जरा चढा असतो. होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळतं, पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता. “अरे, प्लास्टरमध्ये काथ्या घालून आम्ही बारा-बारा फुटी गणपती उभे करतो. तुझी बोट म्हणजे काय? काचेचा काथ्या आणि रेझिनचं प्लास्टर. आतून पोकळ, वरून रंग. लांबी कुठे भरलीय ते मला नाही कळणार तर कुणाला?”

जाहिरातीतल्या बोटीच्या मालकाने बोलावलं होतं अमावास्येला, सकाळी अकराच्या ठोक्याला, रेवदंड्याच्या खाडीवर. “अमावास्येला खरेदी?” मामा दचकले. “नुसती बघायची,” मी म्हटलं. “बघणीला अमावास्या चालते.”

पेणहून आम्ही पॅसेंजर धरली. कासू, नागोठणे, निडी करत गाडी रोह्याला पोचते, तिथे मध्य रेल्वे हात टेकते आणि पुढचं सगळं कोकण रेल्वेवर सोपवते. मामांच्या पिशवीत लाकडी ठोकणी, टॉर्च, टाचण्या आणि पोह्यांचा डबा होता. समोरच्या काकांनी ठोकणी पाहून चौकशी केली. बोट बघायला निघालोय म्हटल्यावर त्यांनी रोहेकराला शोभेल असा प्रश्न विचारला: “पुराच्या तयारीला काय?”

स्टेशनवर मेहुणा गाडी घेऊन हजर. धावीर महाराजांना बाहेरूनच हात जोडून चणेऱ्यामार्गे साळावचा रस्ता धरला, आणि मेहुण्याने त्याचं आवडतं प्रकरण काढलं: ‘लेडी हान’.

१८ ऑगस्ट २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, आपल्याच जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर सोळा मीटरची एक मोटरबोट येऊन लागली. आत माणूस नाही, तीन एके-४७ मात्र होत्या. जिल्हाभर नाकाबंदी झाली. संध्याकाळपर्यंत उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत उलगडा केला की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली. २६ जूनला इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने सोडवलं, खवळलेल्या समुद्रात बोट ओढून नेता येईना, म्हणून ती तशीच सोडून दिली. ती लाटांवर हेलकावत अख्खा अरबी समुद्र ओलांडून रायगडला पोचली, तीही जुलै-ऑगस्टच्या समुद्रातून, जेव्हा आपले कोळी दर्याकडे पाठ करून जाळी विणत बसतात.

“आता सांगा भावोजी,” मेहुणा म्हणाला, “इंजिन महत्त्वाचं की हल?”

“त्या बाईंना युरोपला जायचं होतं,” मागून मामा म्हणाले. त्यावर साळावचा पूल येईपर्यंत कोणी बोललं नाही.

पुलावरूनच बोट दिसली. पूर्ण भरलेल्या खाडीत अठ्ठावीस फुटांची पांढरीशुभ्र, कमरेला निळा पट्टा, खिडक्यांना पडदे. मागे कोर्लईचा डोंगर, त्यावर किल्ला. मेहुण्याने गाडी थांबवली आणि काही न बोलता बघत राहिला. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाकडेही मी असं बघितलं नव्हतं.

मालक गॉगल लावून धक्क्यावर उभे होते. “एका डॉक्टरांची होती,” ते म्हणाले. “फक्त रविवारी काढायचे.” गाडी असो, स्कूटर असो, की बोट, आपल्या देशात विकायला आलेली प्रत्येक गोष्ट पूर्वी डॉक्टरांची असते. आत दोन बंक, छोटा ओटा, टोप ठेवला तर झाकण मावणार नाही असं सिंक. डिझेल इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मामांनी तेलाची कांडी काढून बोटावर पुसली. तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. सोळा लाख. दुपारी दोनला दुसरी पार्टी येणार होती.

मेहुण्याचा हात खिशाकडे गेला तेवढ्यात थेरोंड्याचे नाखवा आले. मेहुण्याच्या ओळखीतले, सत्तरीचे, आणि बोटीकडे न बघता आधी पाण्याकडे बघणारे.

“आज तिथ काय?” त्यांनी विचारलं.

“अमावास्या.”

“तिथीची पाऊणपट कर. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आता सव्वाअकराच झाले. भरती ऐन कानावर बोलवलंय तुमाला.” मग मालकांकडे वळून अत्यंत अदबीने, “शेट, उधाणाचं पानी हाय, सवापाचला सगलं सुकंल. बोट चिखलात बसली का बघू.”

“आमचे दोनला लोक येतायत,” मालक म्हणाले.

“येऊं दे. त्यांनाबी सवापाचला दावा.”

मग सहा तास काढायचे होते. रेवदंड्यात ते अवघड नाही. पोर्तुगीजांच्या तटबंदीतून नारळी-पोफळीच्या वाड्यांत हिंडलो. १४६९ साली अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच भागात, चौलला उतरला होता, विकायला एक घोडा घेऊन. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. घोडा विकायला आणलेल्या माणसाचं स्मारक होतं आणि बोट विकायला आणलेल्या माणसाकडे आपण संशयाने बघतो, असं मेहुण्याला वाईट वाटलं. त्या काळी या समुद्रातल्या कितीतरी गलबतांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत, हे ऐकून मामांना मात्र काथ्याचा नव्याने अभिमान वाटला. नाखवांची स्वतःची होडी लाकडी. “लाकडाला कीड लागते,” ते म्हणाले, “पन लाकूड लबाडी करत नाय. पूर्वी मुशीचं तेल चोपडायचो. बोट घोड्यावर चढवली का पोटाखाली झोपून बघायचो. ह्या फायबरला वरतून कायपन लावा, गोरीच दिसते.”

चारपर्यंत पाणी बरंच उतरलं. निळा पट्टा वर गेला, त्याखाली लाल रंग दिसला, आणि बोट हळूहळू एका कुशीवर कलली. दोनची पार्टी आली नव्हती.

पहिली शंका आली ती रंगाने. पाण्याखालचा लाल रंग इतका ताजा की त्याला एक शंख-शिंपला चिकटलेला नाही. खाडीत उभ्या बोटीला महिन्याभरात शिंपले धरतात. मामांनी चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि गुडघाभर चिखलात उतरून ठोकणीने नाळेपासून मागे ठोकत निघाले. टण्, टण्, टण्. मधोमध आल्यावर ‘भद्’. मामा थांबले. पुन्हा ठोकलं. ‘भद्’. नखाने रंग खरवडला. लालखाली करडं, करड्याखाली गुलाबीसर.

“लांबी,” मामा म्हणाले. “हातभर. खडकावर चढवली होती कधीतरी.”

मालक म्हणाले, “तो कारखान्याचा जोड आहे.”

“कारखान्याचा जोड तिरका कसा?” मामांनी टॉर्च आडवा धरला. सरळ उजेडात जे अंग काचेसारखं दिसत होतं, त्यावर आडव्या उजेडात फोडांची रांग उमटली, काही वाटाण्याएवढे, काही आवळ्याएवढे. मामांनी एकाला टाचणी लावली. तपकिरी थेंब आला. मामांनी वास घेतला, मग मेहुण्याला दिला, मग मला. कैरीचं लोणचं नासल्यावर बरणीला येतो तसा. मेहुणा हरखला. “ऑस्मोसिस!” पुस्तकात वाचलेला वाघ जंगलात दिसल्यावर माणूस ओरडतो, तसा तो ओरडला, वाघ आपल्याच अंगावर येतोय हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

त्याने यंत्र लावलं. काटा शेवटाला जाऊन थरथरत राहिला.

“आत्ता पाण्यातून निघालीय, ओली असणारच,” मालक म्हणाले, आणि दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं जे नाखवांनीही मान हलवून मान्य केलं. बोट काही दिवस काठावर उभी राहिल्याशिवाय त्या काट्याला अर्थ नसतो. यंत्र खिशात गेलं.

नाखवा मागच्या बाजूला वाकले होते. पंख्याच्या दांड्याजवळ जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात धातूंची आपसात भांडणं चालतात, त्यात जस्त स्वतः झिजतं आणि पंख्याला वाचवतं. तो तुकडा अर्धा खाल्लेला असणं हे चांगलं लक्षण. इथला कोरा होता, कारण त्याच्यावरही लाल रंग फासला होता, आणि रंगाखाली जस्त काही कामाचं नाही. मग काय झिजलं, हे बघायला नाखवांनी तळातून पाणी आत घेणाऱ्या पितळी तोटीला चाकूचं टोक लावलं. पितळ गुलाबी पडलं होतं आणि बिस्किटासारखं भुगा होऊन खाली आलं. त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने केव्हाच खाल्लं होतं; उरलं होतं ते नुसतं तांब्याचं स्पंज. ती तोटी भर समुद्रात तुटली असती तर ऑस्मोसिसची चर्चा करायला कोणी उरलं नसतं.

सोळाचे बारा झाले. बाराचे नऊ. मेहुणा डगमगला, कारण पडदे अजून दिसत होते. तेवढ्यात नाखवांनी घसा साफ केला.

“शेट, नुसतं इंजन देता काय?”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. नाखवांनी जराही न लाजता सांगितलं की त्यांच्या होडीचं बूड ठणठणीत आहे, इंजिन मात्र गेल्या हंगामापासून धूर ओकतंय, आणि सकाळी पहिल्या झटक्याचा आवाज ऐकल्यापासून त्यांच्या मनात हेच होतं. मालकांनी विचार केला. “इंजिन दोन लाख.”

“आन् बोट?”

“बोट...” मालकांनी पहिल्यांदा गॉगल काढला. “बोट फुकट न्या. पण न्यायचीच.”

त्यांचंही बरोबर होतं. जुनी लाकडी होडी शेवटी चुलीत तरी जाते. फायबर कुजत नाही, धड जळत नाही, भंगारवाला हात लावत नाही. किनाऱ्यावर टाकली तर ती तिथे नातवंडांच्या लग्नापर्यंत पडून राहते. मेहुणा बोट घरामागच्या वाडीत ठेवावी काय, याचा विचार करू लागला. माझी बायको काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील, याची मी त्याला कल्पना देत होतो, तोवर मामा चिखलातून बोटीभोवती हात पसरून वावा मोजत होते.

“पालथी घातली तर,” ते म्हणाले, “माझ्या कारखान्याच्या पडवीला छप्पर होईल. फोड वर येतील, येऊ देत. पाऊस आत येणार नाही.”

“मामा, आज अमावास्या,” मी आठवण केली.

“फुकट आणली तिला खरेदी म्हणतात काय?” मामा म्हणाले, आणि रेवदंड्याहून पेणपर्यंत ट्रेलरचं भाडं किती पडेल ते मेहुण्याला विचारू लागले.