सूर्योदय पॅकेजमध्ये समाविष्ट

मे उजाडला की पवना धरणाच्या काठावर तंबूंचं पीक येतं. जाहिरातीत बार्बेक्यू, लाइव्ह म्युझिक, अनलिमिटेड जेवण आणि अगदी शेवटी सूर्योदय. शेवटी, कारण तो मालकाला फुकट पडतो.

रात्री तीनपर्यंत नाचलेली मंडळी सकाळी घोरत असतात. पूर्वेला आभाळ तांबडं होतं तेव्हा जागी असतात ती गावातली कुत्री आणि बाटल्या वेचणारा पोऱ्या. जे उठतात, ते सूर्याकडे पाठ करून उभे राहतात. सेल्फीला दुसरा इलाज नाही.

ज्याला ‘लेक’ म्हणायचं ते पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. तिथले पर्यटक भाडं मोजून आपलंच पिण्याचं पाणी बघतात, वर त्यातच चूळ भरतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर बाहेर येतं, आणि वेफर्सची रिकामी पाकिटंही. रीलमध्ये मंदिर राहतं, पाकिटं कापली जातात. पाण्याखाली कुणाची शेतं गेली, हे विचारायला तर रीलची लांबीच पुरत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. काठावर हा नियम पाळणारा एकटा सूर्यच: मेच्या मध्याला तो साधारण सहालाच येतो, आणि तेही बिनआवाजाचा.