साडेसात लिटरची साडेसाती

इंजिन बदलायला निघालेला माणूस पाना हातात घेण्याआधी पान हातात घेतो. पान्याची वेळ यायला महिने लागतात, पान मात्र पहिल्याच संध्याकाळी भरून जातं. आमच्या शेजारच्या काकांचं तसंच झालं. (घरात आम्ही त्यांना काका-काकू म्हणतो, डेट्रॉइटच्या उपनगरात सगळा जन्म काढलेल्या त्या गोऱ्या जोडप्याला या नात्याचा पत्ता नाही.) पिवळ्या कागदाचं पॅड, मधोमध उभी रेघ, डावीकडे वस्तू, उजवीकडे डॉलर आणि तळाशी दोनदा अधोरेखित केलेला आकडा : ३,५००. वरच्या ओळींची बेरीज करून हा आकडा आलेला नव्हता. आकडा आधी ठरला होता आणि ओळी मागाहून त्याच्या मापाने कापल्या होत्या. मला हे लगेच ओळखू आलं, कारण नोकरीत माझंही पोट याच विद्येवर चालतं.

बेत असा होता. काकांकडे १९७० सालची शेव्हर्ले शेव्हेल मालिबू आहे. दोन दारं, लांबलचक बॉनेट आणि समोरून पाहिलं तर कपाळाला आठी. या चेहऱ्याच्या मानाने आतलं इंजिन फारच सभ्य : ३०७ घन इंचांचं, म्हणजे पाच लिटरचं व्ही-८. आपल्याकडे पाच लिटर म्हटलं की ट्रक आठवतो. तेव्हाच्या अमेरिकेत त्या इंजिनावर लोक किराणा आणत. ते काढून काकांना तिथे ४५४ बसवायचं आहे. हे शेव्हर्लेचं बिग ब्लॉक. सव्वाचार इंची बोअर, चार इंची स्ट्रोक, आठ सिलिंडर, एकूण ७.४ लिटर. त्यातला एकेक सिलिंडर साधारण ९३० सीसीचा पडतो. ज्या मारुती ८०० मध्ये आमचं अख्खं कुटुंब डबे, पाण्याची कॅन आणि आजीसकट अलिबागला जाऊन यायचं, तिचं तीन सिलिंडरचं सगळं इंजिन मिळून ७९६ सीसीचं होतं. मारुतीचं इंजिन या इंजिनाच्या एका सिलिंडरात रिचवून वर चहापुरती जागा उरते.

साडेसात लिटरला किंचित कमी, पण साडेसाती म्हणायला पुरेसं, असं मी म्हणून गेलो आणि मग काकांना शनी समजावून सांगायची पाळी आली. सॅटर्न म्हटल्यावर त्यांना जनरल मोटर्सने काढलेली आणि २०१० मध्ये बंद केलेली त्या नावाची गाडी आठवली. तिची दारं प्लॅस्टिकची होती, एवढंच ते गंभीरपणे म्हणाले. साडेसात वर्षांचा मुद्दा मात्र त्यांना पटला. "एवढ्यात होईल असं म्हणतोस?"

मी ज्या मुलखातून आलो तिथे इंजिन बदलत ते ॲव्हरेजसाठी. पेट्रोलच्या जीपचं आणि अँबॅसिडरचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, की ती गाडी सिग्नलला उभी असतानाही आतल्या माणसांना हलवत ठेवायची, आणि मालक आरशातल्या थरथरत्या जगाकडे समाधानाने बघायचा, कारण लिटरमागे चार किलोमीटर जास्त मिळत होते. काकांच्या बेतात लिटरमागे एकूणच चार किलोमीटर आहेत. शिवाय तिकडे आरटीओ नावाचं दैवत होतं. इंजिन बदललं की आरसी बुकावर त्याची नोंद आली, नोंद आली की खेपा आल्या. मिशिगनमध्ये खासगी गाडीला धुराची तपासणी नाही, फिटनेसही नाही. सरकार या व्यवहारात नाहीच. मंजुरी देणारी एकच सत्ता आहे, ती स्वयंपाकघरात बसते, आणि ३,५०० हा आकडा तिच्यासाठी काढलेला आहे.

काकांना यात नीतीची काही अडचण वाटत नाही. त्यांचं म्हणणं, गाडीत मोठं इंजिन लपवून बसवायचा हा प्रकार जन्मापासून असाच आहे. आणि इतिहास पाहिला तर त्यांना खोटं पाडणं अवघड जातं.

१९६३ साली जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाचे मुख्य अभियंते होते जॉन डिलोरियन. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी त्या वर्षाच्या सुरुवातीलाच शर्यतींशी संबंध तोडायला फर्मावलं होतं, आणि मधल्या आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा नियमही होता. डिलोरियन यांच्या हाताखाली बिल कॉलिन्स आणि रस गी हे दोघे अभियंते. त्यांच्या लक्षात आलं की मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसणारं ३२६ चं इंजिन आणि मोठ्या पाँटिॲकमधलं ३८९ चं इंजिन बाहेरून एकाच मापाची आहेत. एक काढा, दुसरं ठेवा, त्याच माउंटवर बसतं. म्हणजे आमचे काका आज जे करायला निघालेत तेच, फक्त पगारावर. आता नवीन मॉडेल काढायचं तर वरच्यांची मंजुरी हवी, आणि वरचे नियमावर बोट ठेवणार. म्हणून त्यांनी मॉडेल काढलंच नाही. १९६४ च्या टेम्पेस्ट ल मान्सच्या यादीत एक ऑप्शन टाकला, किंमत तीनशे डॉलरच्या आत, नाव जीटीओ. ऑप्शनला कोण अडवतो? रेडिओ हा ऑप्शन, पांढऱ्या कडेचे टायर हा ऑप्शन, तसंच हे ६.४ लिटरचं इंजिन. विक्री खात्याच्या प्रमुखांना पाच हजार गाड्याही खपतील की नाही अशी शंका होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. त्यानंतर वरच्यांना तो नियम फारसा आठवेनासा झाला.

पुढची काही वर्षं डेट्रॉइटमध्ये जो तो काहीतरी लपवत होता. मर्यादा ४०० घन इंचांवर आली, तर पेनसिल्व्हेनियातल्या डॉन येन्को नावाच्या विक्रेत्याने १९६९ मध्ये कमॅरो आणि शेव्हेलमध्ये थेट कारखान्यातूनच ४२७ बसवून घेतलं. त्यासाठी त्याने वापरलेली ऑर्डरची वाट मुळात टॅक्सीवाले आणि पोलीस यांच्या घाऊक मागण्यांसाठी होती; अमुक रंग द्या, तमुक सीट द्या, अशा किरकोळ गोष्टींची. कॉर्व्हेटच्या एल-८८ इंजिनाची ताकद कंपनीने कागदावर ४३० अश्वशक्ती लिहिली, यादीत त्याच्या शेजारी असलेल्या साध्या इंजिनापेक्षा पाचने कमी. प्रत्यक्षात ते पाचशेच्या वर होतं. ज्याला कळायचं त्यालाच कळावं, अशी ती व्यवस्था. आणि १९७० मध्ये शेव्हर्लेने ३९६ चं इंजिन वाढवून ४०२ केलं, पण गाडीवर बिल्ला ३९६ चाच ठेवला. सहा घन इंच! एवढं लपवून कुणाचं काय साधलं असेल? पण सवय म्हणून एक चीज असते.

त्याच १९७० साली कंपनीने ४०० ची मर्यादा उठवली आणि शेव्हेलमध्ये स्वतःच्या हाताने ४५४ बसवलं, वरच्या अवतारात ४५० अश्वशक्तीचं. काकांच्या युक्तिवादाचा कळस तो हाच. जे इंजिन कंपनीने या गाडीत त्याच साली बसवलं, ते मी बसवलं तर बदल कसा? ही तर दुरुस्ती.

आता ती यादी. तिच्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे इंजिन, आणि या छंदातला सगळा घात इथेच आहे. आपल्या पूर्वजांनी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे प्रमाण घालून दिलं तेव्हा त्यांना बिग ब्लॉक माहीत नव्हतं. इथे मसाला रुपयाच्या पुढे जातो. सुरुवात मोठी प्रसन्न असते. छोट्या आणि मोठ्या ब्लॉकला गिअरबॉक्स जोडायची भोकं एकाच नकाशाची आहेत, त्यामुळे जुना गिअरबॉक्स चालतो. काकांनी त्यासमोर शून्य लिहिलंय आणि त्या शून्याभोवती कौतुकाने एक वर्तुळही काढलंय. पण फ्रेमवरचे माउंटचे ब्रॅकेट वेगळे. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड वेगळे. ३०७ आतून तोललेलं, ४५४ चा तोल बाहेरून सांभाळलेला, म्हणून पुढचा बॅलन्सर आणि मागची फ्लेक्सप्लेट ४५४ चीच हवी. जुनी लावली तर आरशातलं थरथरतं जग अमेरिकेतही बघायला मिळेल. अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंग धरून ठेवणारे ब्रॅकेट ही तर स्वतंत्र संशोधनाची शाखा आहे. रेडिएटर मोठा, कारण हे इंजिन तापतं. पुढच्या स्प्रिंगा कडक, कारण ते सुमारे पन्नास किलोने जड आहे. एवढं झालं की गाडी जोरात पळणार, म्हणजे ती थांबवायलाही हवी, आणि मालिबूला पुढे ड्रम ब्रेक आहेत. शिवाय मागचा एक्सल ३०७ च्या सभ्यपणाच्या हिशेबाने दिलेला. त्याच्या अंगावर हे वादळ सोडलं तर तो किती सिग्नल टिकेल?

डिस्क ब्रेक आणि एक्सल या दोन्ही गोष्टी काकांच्या यादीत नाहीत. त्या 'किरकोळ' मध्ये आहेत. किरकोळ : २०० डॉलर.

एखाद्या शहाण्या मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणेल, हे सगळं कशाला? मोडीतल्या पिकअप ट्रकचं नव्या जमान्याचं एलएस इंजिन घ्या. हलकं, इंधन कमी पितं, थंडीत पहिल्या झटक्याला सुरू होतं. मला हे बोलणं शंभर टक्के पटतं. काकांनाही पटतं. ते फक्त म्हणाले, "बॉनेट उघडलं की वर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं." सॅटर्नचा विषय संपला नव्हता तर. वुडवर्ड ॲव्हेन्यू आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते, १९९५ पासून, तिच्यात लोक खुर्च्या टाकून दिवसभर उघड्या बॉनेटांत डोकावत असतात. देव्हाऱ्यात काय आहे हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, तिथे ॲव्हरेजची भाषा करू नये.

बरं, इंजिन स्वस्त म्हणजे किती? काकांनी ८०० लिहिले होते. खऱ्या जुन्या, नंबर जुळणाऱ्या ४५४ चे भाव ऐकले तर घराचा हप्ता स्वस्त वाटतो. पण काका चालूच्या शोधात होते, खऱ्याच्या नाही. ४५४ हे इंजिन पुढे २००० सालापर्यंत ट्रकांत आणि मोटरहोममध्ये बसत राहिलं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचा फ्लॅट. वर्षातून दोन आठवडे फिरायचा आणि उरलेले पन्नास अंगणात उभा. छप्पर गळतं, भिंती कुजतात, गाद्यांत उंदीर नांदतात, इंजिन मात्र कमी चाललेलं राहतं. त्या इंजिनाच्या हेडमधल्या वाटा इतक्या अरुंद असतात की जाणकार त्यांना पीनट पोर्ट म्हणून नाकं मुरडतात. ४५० अश्वशक्तीची स्वप्नं तिथून आत शिरत नाहीत. पण खालच्या वेगाला त्याची ओढ जबरदस्त, कॉम्प्रेशन कमी म्हणून साधं पेट्रोल चालतं, आणि बिल्ला ४५४ चाच. काकांना असं एक सापडलं होतं. मालकाला ते फक्त डोळ्यांसमोरून जायला हवं होतं.

इथवर आम्ही आलो तेव्हा काकू गॅरेजमध्ये कॉफी घेऊन आल्या. त्यांनी ते पॅड उचललं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे ग्रॉस आहे की नेट?"

हा प्रश्न फक्त याच शहरातली गृहिणी विचारू शकते. १९७१ पर्यंत इथले कारखाने इंजिनाची ताकद ग्रॉस सांगत; इंजिन एकटं टेबलावर, ना अल्टरनेटर, ना खरा सायलेन्सर. १९७२ पासून नेट सांगू लागले. सगळा संसार अंगाला जोडून, प्रत्यक्ष गाडीत असतं तसं. शेव्हेलचं ४५४ एका वर्षात ३६५ वरून २७० वर आलं. काकांचा ३,५०० हा असा टेबलावरचा आकडा होता. काकूंनी पेन्सिल मागितली. ब्रेक, एक्सल, पंप, होजेस, गॅस्केटं, तेल, भाड्याची क्रेन, असं एकेक जोडत त्या खाली आल्या आणि साडेसात हजारांपाशी थांबल्या. मी शनीचं नाव काढलं नाही.

गंमत म्हणजे त्या रागावल्या नाहीत. साडेसात असेल तर साडेसात, पण साडेतीन म्हणू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. मग पॅड खाली ठेवताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. "यात नुसतं इंजिन विकत मिळत नाहीये. अख्खी मोटरहोम घ्यावी लागतेय. बरोबर?"

काका गप्प.

"किती फूट?"

"सत्तावीस," काका कॉफीत बघत म्हणाले.

"ती उभी कुठे राहणार?"

सत्तावीस फूट किरकोळमध्ये बसत नाहीत. काकांची नजर सावकाश गॅरेजच्या दारातून बाहेर गेली, हिरवळीवरून पुढे सरकली आणि आमच्या रिकाम्या ड्राइव्हवेवर येऊन टेकली. काकूंचीही. मी घाईघाईने म्हणालो की आमच्या घरी विचारावं लागेल, सौ. आत्ता कामावरून यायची आहे, तिची गाडी तिथेच लागते, पुढच्या महिन्यात पुण्याहून सासूबाई येतायत.

काकू आत गेल्या तसे काका माझ्याकडे झुकले.

"विचारू नकोस," ते हळूच म्हणाले. "नवीन मॉडेल म्हटलंस की मंजुरी लागते. ऑप्शन म्हणून टाक."