ग्रुपवर बघ

आमच्या घरात सध्या सातवी ‘ब’ सुरू आहे. प्रवेश मुलाच्या नावावर आहे, अभ्यास माझा चालतो.

जूनमध्ये शाळेनं एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, ‘सातवी ब – फक्त सूचना’. त्यात वर्गशिक्षिकांनी लिहायचं आणि आपण वाचायचं. उलट बोलायची सोय नाही हे लक्षात आल्याबरोबर पालकांनी दुसरा काढला, ‘सातवी ब – पालक’. पहिल्यावरच्या सूचनेचा अर्थ काय, याचा काथ्याकूट दुसऱ्यावर चालतो. तिथं बाप मंडळी राजकारणाचे व्हिडिओ टाकायला लागली म्हणून तिसरा निघाला, ‘सातवी ब – मम्मीज’. या तिन्ही ठिकाणी कोणालाच नाव नाही. माझ्या फोनमध्ये ‘१७ची मम्मी’ आहे, ‘३२ची मम्मी’ आहे. मागे जळगावच्या फुले मार्केटात मेथीच्या जुडीवरून भाव करणारी एक बाई ओळखीची वाटली. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, “तुम्ही बावीस ना?” मी म्हटलं, “हो, आणि तुम्ही सतरा!” जुन्या मैत्रिणी भेटाव्यात तशा आम्ही रस्त्यात उभ्या राहून अर्धा तास बोललो. नाव विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

आठवडाभर ग्रुप तसा शांत असतो. खरी गंमत शुक्रवारी रात्री पावणेदहाला. ‘उद्या आनंददायी शनिवारनिमित्त टाकाऊतून टिकाऊ हा उपक्रम घेण्यात येईल. विद्यार्थ्यांनी घरातील टाकाऊ वस्तू सोबत आणाव्यात. आइस्क्रीमच्या काड्या ५०, कागदी कप १०, रंगीत लोकर, चमकी, फेव्हिकॉल.’ पहिली ते आठवीचा शनिवार आनंददायी करायचं शासनानं २०२४ साली ठरवलं. शुक्रवारच्या रात्रीबद्दल त्या निर्णयात काही नाही. पन्नास काड्या टाकाऊ व्हायच्या तर आधी पन्नास कुल्फ्या खायला हव्यात, आणि बाहेर डिसेंबर. दुसऱ्या ग्रुपवर लगेच सुरू झालं. कप चहाचे की ज्यूसचे? काड्या वापरलेल्याच हव्यात का? ३२ची मम्मी म्हणाली, लोकर आमच्याकडे आहे, पण ती टाकाऊ नाही, सासूबाईंची आहे. यावर कोणीतरी हसरा चेहरा टाकला आणि त्या रागावल्या.

आमचे हे गाडी काढून गेले आणि विजयी मुद्रेनं परत आले. हातात सीलबंद पाकीट, वर छापलेलं ‘वेस्ट मटेरियल किट’. आत कोऱ्या करकरीत काड्या, कोरे कप आणि प्लास्टिकला अजून चिकटलेली चमकी. दुकान इतक्या रात्री उघडं कसं, विचारलं तर म्हणाले, अर्धं शटर वर करून तो वाटच बघत होता. त्याची मुलगी सातवी ‘क’ला आहे. सूचना त्याच्याही फोनवर पडली होती.

या सगळ्या वेळात विद्यार्थी झोपलेला होता.

त्याचं बरोबरच आहे. त्याला कशाला जाग यावी? संध्याकाळी दप्तर फेकून तो पंख्याखाली पडतो. मी विचारते, “काय झालं रे आज शाळेत?” तो म्हणतो, “ग्रुपवर बघ.” गृहपाठ काय? ग्रुपवर येईल. पेपरला काय काय आहे? ग्रुपवर आहे. परवा तर डबा का उरला, तेही मला ग्रुपवर बघायला सांगितलं, आणि खरंच, वर्गाला खिचडीचा दुसरा वाढा मिळतानाचा फोटो तिथं होता.

आमच्या लहानपणी धुळ्याला शाळेची बातमी घरी आणायचं काम आमच्याकडे होतं, आणि ते आम्ही मुख्य संपादकाच्या रुबाबात करत असू. शिपाईमामा लांबुळकी सूचनावही घेऊन वर्गाच्या दारात उभे राहायचे. तास थांबायचा. बाई वाचून दाखवायच्या, खाली सही करायच्या. ‘उद्या सुट्टी’ ही बातमी धावत घरी जायची, चपला दारातच उडायच्या. ‘फी भरा’ ही बातमी वडिलांचं जेवण होऊन त्यांनी बडीशेप तोंडात टाकेपर्यंत दाबून ठेवायची. आणि ‘शनिवारी पालक सभा’ ही बातमी पांझरेच्या पुलावरच विरून जायची. आईनं विचारलं, “काय म्हणतात गं बाई?” तर उत्तर एकच, “काही नाही.” एवढ्या भांडवलावर आमची सातवी पार पडली. आईवडील सुखात होते, शाळाही सुखात होती. दोघांच्या मध्ये आम्ही होतो ना! प्रगतिपुस्तक हा तेवढा अवघड विषय. पण तिथं दादाचा हात होता. वडिलांची सही त्याला वडिलांपेक्षा सुबक यायची.

तो दादा आता साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे आणि पोरांच्या प्रगतिपुस्तकांवरच्या सह्या तपासतो. कोणतीही लबाडी त्याच्या नजरेतून सुटत नाही, असं केंद्रप्रमुखसुद्धा म्हणतात.

त्याचं दुखणं माझ्या उलट. मला सूचना फार येतात, त्याला त्या पोचवायला चालत जावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. कागदावर हे फार छान आहे. फक्त सभेची तारीख आणि कापसाची वेचणी एकाच आठवड्यात येते. मग दादा इतिवृत्ताचं रजिस्टर बगलेत मारून बांधावर जातो. एक बाई ओटीतला कापूस खाली ठेवून, हात पदराला पुसून म्हणाली, “गुरुजी, सही कोठे करू ते दखाडा.” सही केली आणि मग विचारलं, “मना पोऱ्या शायामा येस ना?” आमच्या तिन्ही ग्रुपांवर हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

‘एक राज्य, एक गणवेश’ निघाला त्या वर्षीचे त्याचे फोन मी जपून ठेवायला हवे होते. २०२४-२५ला राज्यभर एकच कापड, एकच रंग, शिलाई बचत गटांच्या बायकांकडे. कल्पना उत्तम, पण पोरं काही राज्यभर एका मापाची निघाली नाहीत. कुठं गणवेश उशिरा आले, कुठं आले ते पोराच्या थोरल्या भावाला बसले. डिसेंबर २०२४मध्ये शासनानं गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवला. म्हणजे रजिस्टर पुन्हा बगलेत आणि दादा पुन्हा बांधावर.

अंड्याचंही तेच. २०२३च्या नोव्हेंबरात ठरलं की पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं. न खाणाऱ्याला केळं किंवा स्थानिक फळ. आता जळगाव जिल्ह्यात स्थानिक फळ म्हणजे काय? तेही केळंच. रावेर-यावलच्या ज्या पोरानं सकाळी केळीच्या बागेतून वाट काढत शाळा गाठली, त्याला दुपारी शासनातर्फे केळं. सत्त्वाचं खातं पूर्ण, पोराचा चेहरा बघण्यासारखा. अशा घरांतली कट्टर शाकाहारी पोरंसुद्धा त्या काळात अंड्याकडे वळली असतील, तर मला नवल वाटणार नाही. जानेवारी २०२५मध्ये अंड्याचा निधी थांबला आणि हवं असेल तर लोकसहभागातून द्या, असं झालं. केळ्याला लोकसहभाग आमच्याकडे पूर्वापार आहे.

निर्णय आमच्या मुलाची वाट बघत दबा धरून बसतात, असा माझा आता पक्का समज झालाय. शिष्यवृत्तीची परीक्षा २०१६-१७पासून चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली होती. हा सातवीत आला आणि ती परत चौथी-सातवीकडे फिरली. तत्कालीन राज्यपालांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि २०२४मध्ये शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका असा आदेश आला, तो चौथीपर्यंतच. आमचा तेव्हा पाचवीत. चौथीचा निकाल लागला की मुलाची झोप पूर्ण होते, असं शास्त्र असावं. पाठ्यपुस्तकातच कोरी पानं घातली होती, ‘माझी नोंद’ म्हणून; दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू. त्यानं त्यांवर आयपीएलचा गुणतक्ता अद्ययावत ठेवला होता, इतिहासाच्या पुस्तकाला मित्रांत मागणी होती. जानेवारी २०२५मध्ये ती पानंही काढून टाकायचं ठरलं.

आणि ऊन! मुक्ताईनगर ओलांडून मलकापूर आलं की विदर्भ लागतो. तिथल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, आमच्या जूनच्या मध्यावर. ऊन विदर्भाचं आणि वेळापत्रक पुण्याचं, अशी आमची खान्देशची वाटणी. माझी नणंद मलकापूरला. तिची मुलं अंथरुणात लोळत असताना आमचा डोळे चोळत बूट शोधत असतो. “आपण मलकापूरला राहायला जाऊ,” हा ठराव तो दर जूनला मांडतो. २०२५ला तर पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एका वेळापत्रकानं २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. एप्रिलअखेर जळगावात पारा किती असतो, ते लिहून कशाला अंगाची लाही करायची. आजीनं नातवाच्या खिशात उन्हाचा उतारा म्हणून कांदा घातला. शेवटच्या पेपरला पर्यवेक्षकांनी कॉपीच्या संशयावरून त्याचा खिसा रिकामा करायला लावला. कांदा निघाला. मागच्या बाकावरच्याच्या खिशातूनही कांदा निघाला. ही बातमी मात्र ग्रुपवर आली नाही. त्यानं स्वतः सांगितली, हातवारे करून, पर्यवेक्षकांच्या आवाजासकट. वर्षभरात शाळेबद्दल मी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं वार्तांकन.

डिसेंबरात वर्गशिक्षिकांनी भित्तिपत्रक काढायचं ठरवलं. निमित्त २४ तारखेची साने गुरुजी जयंती. गुरुजी आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि तिथल्या मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढत. रोज. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही काढलं. शाळेची बातमी होती, पण वाचक होती ती मुलं. पालक आपापल्या गावी निवांत. मला या व्यवस्थेचा हेवा वाटतो. गुरुजींच्या हातात स्मार्टफोन असता तर, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो घाईनं परतवला.

बाईंनी मुलांना सांगितलं, बातम्या स्वतः लिहा, ग्रुपवरून उतरवू नका. माझा मुलगा कधी नव्हे तो रात्री दार लावून बसला. मी डोकावले तर म्हणाला, “छापून आल्यावर वाच.”

छापून आलं. म्हणजे भिंतीवर लागलं, आणि बाईंनी कौतुकानं त्याचा फोटो पहिल्या ग्रुपवर टाकला. मी बोटांनी मोठा करून वाचला. मथळा होता, ‘आमच्या घरातील घडामोडी’. खाली सुवाच्य अक्षरात : ‘आई रात्री अकरापर्यंत सातवीत असते. बाबा कधी कधी येतात. मागच्या आठवड्यात बाबांनी टाकाऊ वस्तू चाळीस रुपयांना विकत आणल्या. त्या शाळेत नेल्या. टिकाऊ झाल्या नाहीत म्हणून परत घरी आणल्या. आईने त्या टाकून दिल्या.’ पुढे लोकरीबद्दल एक परिच्छेद होता. त्यात ३२ क्रमांकाच्या सासूबाईंचा उल्लेख होता. माझा फोन चार्जिंगला असताना तो माझे तिन्ही ग्रुप वाचतो, हे त्यावरून कळलं.

पहिल्या ग्रुपवर उत्तर देता येत नाही, याचं मला प्रथमच बरं वाटलं. तिसऱ्यावर मात्र टिंग वाजलं. १७ची मम्मी विचारत होती, “चाळीसला कुठं मिळालं हो? आम्हाला साठ पडले.”