चोर हवा तर खानदानी

मोठ्या कंपनीच्या घरी साधा चोर कधी येतच नाही. सायबर हल्ल्यानंतर निघणारं पत्रक वाचून बघा. हल्ला ‘अत्यंत प्रगत’, हल्लेखोर ‘अत्यंत संघटित’, प्रकार ‘अभूतपूर्व’. ‘आमच्या एका साहेबांना लॉटरी लागल्याचा मेल आला, त्यांनी तो हौसेनं उघडला आणि तिथंच सगळं आटोपलं,’ असं पत्रक निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. घरफोडी झालीच आहे, तर फोडणारा निदान खानदानी असावा. शक्यतो एखादं राष्ट्रच असावं. पदरी अण्वस्त्रं असतील तर सोन्याहून पिवळं.

सोनी पिक्चर्सला असा चोर लाभला. तारीख २४ नोव्हेंबर २०१४, वार सोमवार. लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओत लोकांनी संगणक सुरू केले, तर पडद्यावर लालभडक सांगाडा आणि सही ‘गार्डियन्स ऑफ पीस’. शांतीच्या या रक्षकांनी स्टुडिओत खरोखरच शांतता पसरवली. मेल बंद, संगणक बंद. कोट्यवधींचे सिनेमे काढणारी माणसं कागद-पेन घेऊन बसली, फॅक्स मशीनला पुन्हा मान आला, अडगळीतून जुने ब्लॅकबेरी निघाले, पगाराचे चेक जुन्या यंत्रावर काढावे लागले. मग माल बाहेर येऊ लागला. न लागलेले सिनेमे, लोकांचे पगार, सोशल सिक्युरिटीचे हजारो क्रमांक आणि बड्या साहेबांनी नटनट्यांबद्दल एकमेकांच्या कानात सांगितलेलं सगळं. असं खासगी काही वाचू नये, असं म्हणत जगानं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

हे कोणी केलं? तीन दिवस आधी साहेबलोकांना एक मेल आला होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकच मागणी: पैसे द्या, नाहीतर परिणाम भोगा. त्यात सिनेमाचं नाव नव्हतं आणि किम जोंग उन यांचंही नव्हतं. पण सोनीचा ‘द इंटरव्ह्यू’ नाताळात लागायचा होता. दोन टीव्हीवाले किम यांना मारायला जातात, असा त्यातला विनोद. उत्तर कोरियानं जूनमध्येच या सिनेमाला युद्धाची कृती ठरवून संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली होती. वर्तमानपत्रांनी धागा जुळवला. त्यानंतर, म्हणजे ८ डिसेंबरला, हल्लेखोरांच्या संदेशात त्या सिनेमाचा उल्लेख आला. शंकेखोरांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. आपण चोरी कशासाठी केली, हे चोराला पेपर वाचून कळलं की काय?

पुढचं सगळं भराभर झालं. १६ डिसेंबरला थिएटरवाल्यांना ११ सप्टेंबरची आठवण देणारी धमकी, १७ ला सोनीनं सिनेमा मागे घेतला, १९ ला एफबीआयनं उत्तर कोरियाचं नाव जाहीर केलं आणि त्याच दिवशी ओबामांनी सोनीला ‘चुकलात’ म्हणून सुनावलं. अखेर नाताळाला सिनेमा मोजक्या थिएटरांत आणि ऑनलाइन लागला. एरवी दोन आठवड्यांत विस्मरणात गेला असता असा हा सिनेमा पाहणं हे राष्ट्रकर्तव्य झालं. महिनाभरात ऑनलाइनच ४ कोटी डॉलर जमले. एवढी जाहिरात विकत घ्यायची तर स्टुडिओ विकावा लागला असता.

आता पुराव्याचं बघू. एफबीआय म्हणाली, घातक प्रोग्रॅमचं आधीच्या कोरियन हल्ल्यांशी साम्य आहे आणि काही आयपी पत्तेही तिकडचेच आहेत. जाणकारांनी ते पत्ते तपासले तर त्यातले बरेच थायलंड, पोलंड, इटली, बोलिव्हिया इथले निघाले. म्हणजे कोणीही वापरावेत असे धर्मशाळेचे पत्ते. मग एफबीआय म्हणाली, आणखी बरंच आहे, पण दाखवता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या झाकल्या मुठीच्या भरवशावर २ जानेवारी २०१५ ला उत्तर कोरियावर नवे निर्बंधही लागले. इराकमध्ये महासंहारक अस्त्रं असल्याची मूठ याच सरकारी घराण्यानं बारा वर्षांपूर्वी झाकून दाखवली होती. लोकांनी या खेपेला जरा उघडून दाखवा म्हटलं, तर त्यांचं काय चुकलं?

आरोपीचं वागणंही संशयाला खतपाणी घालणारंच. उत्तर कोरियानं आधी म्हटलं, आम्ही केलेलं नाही, पण आमच्या चाहत्यांनी केलं असेल तर पुण्यकर्मच केलं. नंतर म्हटलं, चला, अमेरिका आणि आम्ही मिळून तपास करू. अमेरिकेनं नकार दिला. एका चौकशी समितीत फिर्यादी आणि आरोपी शेजारीशेजारी बसून चहा-बिस्किटं खात आहेत, हे दृश्य आपल्याला नवं नाही. तिकडे त्याची सवय नसावी.

मग शंकेखोरांची दिंडी निघाली. दिंडीची गंमत अशी, की ज्याचं जे दुकान, त्याला तोच चोर सापडला. ताया ग्लोबल या सुरक्षा कंपनीनं संदेशांतल्या भाषेच्या चुका तपासल्या आणि लिहिणारे कोरियनपेक्षा रशियन वाटतात, असं सांगितलं. नॉर्स नावाच्या सुरक्षा कंपनीनं कुंपणानंच शेत खाल्ल्याचा निष्कर्ष काढला. मे महिन्यात नोकरी गेलेली एक कर्मचारी आणि तिचे साथीदार, अशी त्यांची मांडणी. ती त्यांनी २९ डिसेंबरला एफबीआयपुढेही ठेवली. एफबीआयनं ती ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली. जगाच्या नकाशावर हल्ल्यांच्या रंगीबेरंगी रेघा उडताना दाखवणारा फलक ही या नॉर्सची ख्याती. २०१६ च्या सुरुवातीला कंपनीच बसली. स्वतःवर आलेली रेघ काही त्या नकाशात दिसली नाही.

सगळेच असे दुकानदार नव्हते. ब्रूस श्नायर, मार्क रॉजर्स यांच्यासारखे या क्षेत्रात केस पिकलेले लोक एवढंच म्हणत होते, की दाखवलेल्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष निघत नाही. रास्त बोलणं. ७ जानेवारी २०१५ ला न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी यांनी त्यांना उत्तर दिलं. हल्लेखोर आपला पत्ता लपवून काम करत होते, पण काही वेळा गाफील राहिले आणि थेट जोडले गेले. ते पत्ते फक्त उत्तर कोरियाच वापरतो. टीकाकारांना हे दिसत नाही, आम्हाला दिसतं. दिसतं कसं, ते मात्र साहेबांनी सांगितलं नाही. ते अकरा दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं सांगितलं. अमेरिकेची हेरसंस्था २०१० पासूनच उत्तर कोरियाच्या जाळ्यात घुसून बसली होती. चोर ओळखला कसा, तर आम्ही त्याच्याच घरात शिरलो होतो तेव्हा! असा पुरावा चारचौघांत मांडायचा तरी कसा?

निकालाचं म्हणाल, तर तो बराचसा सरकारच्या बाजूनं लागला. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं उत्तर कोरियन प्रोग्रॅमर पार्क जिन ह्योक याच्यावरची १७९ पानांची फिर्याद खुली केली. कुठल्या मेल खात्यावरून कोणाला गळ टाकला, तेच यंत्र आणखी कुठल्या खात्यांसाठी वापरलं, सोनीचा हल्ला, २०१६ ची बांगलादेश बँकेची ८.१ कोटी डॉलरची लूट आणि २०१७ चा ‘वॉनाक्राय’ हा खंडणीचा हल्ला हे सगळं एकाच टोळीचं कसं, हे त्यात तपशीलवार आहे. उत्तर कोरियाचं उत्तर आलं: या नावाचा माणूस अस्तित्वातच नाही. एफबीआयच्या भित्तिपत्रकावर मात्र त्याचा फोटो आहे.

म्हणजे शंकेखोर बहुधा चुकले. पण चूक कळायला जवळजवळ चार वर्षं लागली आणि शिक्षा पंधरवड्यात झाली होती, हेही विसरू नका. शंका घेणं खुळेपणाचं होतं, असंही नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये ‘टीव्ही ५ मोंद’ ही फ्रेंच वाहिनी बंद पाडणाऱ्यांनी ‘सायबर खिलाफत’ अशी सही केली होती. पुढे तपासाची बोटं रशियन हॅकर्सकडे वळली. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकच्या उद्घाटनाला यंत्रणा कोलमडली, तेव्हा प्रोग्रॅममध्ये उत्तर कोरियाच्या खुणा जागोजाग पेरलेल्या होत्या. अमेरिकेनं नंतर आरोप ठेवला तो रशियन लष्करी हेरखात्याच्या अधिकाऱ्यांवर. दुसऱ्याच्या चपला घालून चोरी करायची कला या धंद्यात बरीच पुढे गेली आहे. चपला पाहून फाशी देणाऱ्यानं जरा दमानं घ्यावं.

चोर कोण, या गदारोळात सोनीचं मात्र झकास झालं. तपासासाठी बोलावलेल्या सुरक्षा कंपनीच्या प्रमुखानं डिसेंबरच्या सुरुवातीलाच लिहून दिलं, की असा हल्ला अभूतपूर्व आहे आणि कोणतीही कंपनी त्यासाठी पूर्ण तयार असू शकली नसती. पोरानं पेपर कोरा दिला आणि मास्तरांनी दाखला दिला, की प्रश्नपत्रिका फारच अवघड होती! फुटलेल्या फायलींत काय निघालं? पासवर्ड साठवलेला एक फोल्डर. त्याचं नाव ‘पासवर्ड’. चोराला भाषांतर करायचीही तोशीस नको. २००७ मध्येच याच कंपनीच्या माहिती-सुरक्षा अधिकाऱ्यानं एका व्यावसायिक मासिकाला बिनदिक्कत सांगितलं होतं, की दहा लाख डॉलरचं संभाव्य नुकसान टाळायला मी एक कोटी खर्च करणार नाही. हिशेब चोख होता. फक्त नुकसानीचा आकडा त्यांनी स्वतःच भरला होता. कर्मचाऱ्यांनी मात्र प्योंगयांगला जाऊन दावा लावला नाही, त्यांनी तो सोनीवर लावला. कंपनीनं ८० लाख डॉलरपर्यंत तडजोड केली. ज्यांची माहिती गेली, त्यांना कुलूप कोणी लावायचं होतं हे बरोबर कळलं होतं.

खानदानी चोराची हौस विमा कंपन्यांनी उतरवली. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम सुटला. मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून तो आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत पोचला आणि जेएनपीटीतल्या एका टर्मिनलवर कंटेनर खोळंबले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं हे रशियन लष्कराचं काम असल्याचं जाहीर केलं. मर्क ही औषध कंपनी १.४ अब्ज डॉलरचं, तर बिस्किटवाली मॉन्डेलीझ १० कोटी डॉलरचं नुकसान घेऊन विमावाल्यांकडे गेली. विमावाले म्हणाले, रशिया ना? मग हे युद्ध. युद्धाचे पैसे मिळत नाहीत, बारीक अक्षरात लिहिलंय, वाचा. झालं! काल राष्ट्र हवं होतं, आज गल्लीतला गुंडही चालेल अशी पाळी आली. मर्क कोर्टात जिंकली, मग दोन्हीकडे तडजोडी झाल्या. शहाण्या झालेल्या लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारानं मार्च २०२३ अखेरपासून सायबर पॉलिसीत सरकारपुरस्कृत हल्ल्यांना वगळणारी कलमं सक्तीची केली. हल्लेखोराच्या नावाला आता भाव आहे, आणि भाव आला की नाव ठरवणारे वाढतात.

खानदानी चोर पुण्यालाही नवा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. एटीएमनं बँकेला विचारायचं, याला पैसे देऊ का? मध्ये बसवलेल्या बनावट स्विचनं परस्पर सांगायचं, दे. २८ देशांतली यंत्रं काही तास आज्ञाधारकपणे देत राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं २०१९ च्या अहवालात ही लूट उत्तर कोरियाच्या खाती मांडली. पुण्याच्या न्यायालयात २०२३ मध्ये शिक्षा झाली ती अकरा जणांना, तीही बनावट कार्डं वापरून इथल्या एटीएममधून नोटा काढण्याच्या कटात सापडलेल्यांना. सूत्रधार अहवालात, हमाल तुरुंगात.

तेव्हा चोराचं नाव कळायला चार वर्षं लागोत की चाळीस, शंकेखोरांनी खुशाल भांडावं. फोल्डरला ‘पासवर्ड’ हे नाव कोणी दिलं, याचा तपास एका दुपारचा आहे. त्याला एफबीआय लागत नाही, हेरसंस्था लागत नाही. लागते फक्त कंपनीची इच्छा, आणि ती चोरीला गेल्याची तक्रार अजून कोणत्याही ठाण्यात नोंदलेली नाही.