भंगारवाल्याचा डबा

"घरातले संस्कार हेच तुमचं पहिलं भांडवल," असं नवउद्योजकांच्या शिबिरात व्याख्याते म्हणाले, तेव्हा सभागृहात सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. दुसरं भांडवल माझ्याकडे फारसं नव्हतं आणि संस्कारांचा साठा मात्र मुबलक. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे, डोंबिवली पूर्वेला भाड्याचा गाळा, चकल्या पाडणाऱ्या तीन मावश्या आणि माझ्यावर लहानपणापासून झालेले संस्कार, एवढ्यावर आमचा फराळाचा धंदा उभा राहिला. उभा राहिला म्हणजे पडला नाही, इतकंच.

बाबा टपाल खात्यात होते. पगार झाला की त्याची पाकिटं व्हायची: दूध, किराणा, लाइटबिल, आजारपण, अडीनडी. या पाकिटातले पैसे त्या पाकिटात गेले, तर आत चिठ्ठी पडायची: 'दुधातून किराण्याला १० रु.' या पद्धतीवर बाबांनी आम्हा भावंडांची शिक्षणं केली, ताईचं लग्न केलं, एकदा माथेरानही दाखवलं. साहजिकच मी तीच पद्धत दुकानाला लावली. वर्षअखेरीला सीएने हिशेबाची पुस्तकं मागितली, तेव्हा मी बुटाचं खोकं त्याच्यापुढे ठेवलं. त्या बिचाऱ्याने पहिलीच चिठ्ठी उचलली: 'शेंगदाण्यांतून जीएसटीला ३,००० रु., पुढच्या महिन्यात परत.' पोरगा बराच वेळ काही बोललाच नाही.

"काका, हे 'आजारपण' कुणाचं?" त्याने शेवटी विचारलं.

"कुणाचंही. वेळ सांगून येत नाही."

"मग दुकानाचंच धरतो," तो म्हणाला.

कर्ज काढायचं नाही, हाही बाबांचाच धडा. त्यांचं आवडतं उदाहरण लिज्जत पापडाचं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांत सुरुवात केली आणि बघ आज, असं ते दर उन्हाळी वाळवणाला ऐकवत. ते ८० रुपये उसने आणलेले होते, एवढा तपशील ते गाळायचे. मला तो कळला बँकेत, मी कॅश क्रेडिट नको म्हणून ठामपणे लिज्जतचा दाखला दिला तेव्हा. समोरच्या अधिकारी बाईंना ती गोष्ट माझ्याहून नीट ठाऊक होती. तरी मी कर्ज घेतलं नाही. परिणामी सगळे फराळवाले स्वस्ताईत तेल-डाळी भरून ठेवत असताना मी ऐन दिवाळीच्या तोंडावर, भाव चढल्यावर, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून लागेल तसं किलो-किलोने डाळं आणि पोहे आणत होतो. वाण्याची ती दिवाळी चांगली गेली.

आईकडून आलेले संस्कार जास्त महाग पडले. वाढताना हात आखडायचा नाही, हा पहिला. मावश्या काट्यावर बरोबर ५०० ग्रॅमला थांबायच्या आणि मी पिशवी बंद व्हायच्या आत वरून एक मूठ टाकायचो. बायकोने एकदा कागद-पेन घेऊन हिशेब केला. आमचा निव्वळ नफा आणि ती मूठ यांचं वजन जवळपास सारखं भरलं.

दुसरा संस्कार रिकाम्या डब्याचा. शेजारून आलेला डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची. आता धंद्यात रिकामा डबा परत करायची वेळ कुठे येते? येते. तेलाचे पत्र्याचे डबे संपले की भंगारवाला विकत न्यायला येतो. रिकामा डबा त्याच्या हाती देताना माझा हात अडखळला आणि मी तळाशी थोडी शेव घातली. भंगारवाला आधी चकित झाला, मग दुसऱ्या दिवशीही आला. डबे आहेत का, असं विचारायला तो चहाच्या वेळेलाच यायचा.

एक दिवस अन्न सुरक्षा अधिकारी आले. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक पाहिला, तळणीच्या तेलाची चौकशी केली, मावश्यांच्या टोप्या पाहिल्या आणि चिवड्याचा नमुना घेतला. साक्षीदार म्हणून शेजारच्या सलूनवाल्याला बोलावलं होतं. नमुन्याचे चार भाग झाले, सील झाले, सह्या झाल्या. मग साहेबांनी पाकीट काढलं.

"किती झाले?"

"छे, छे! तुमच्याकडून पैसे?"

"द्यावेच लागतात. नमुन्याची किंमत विक्रीच्या भावाने द्यायची, असं कायद्यातच आहे."

"अहो, पहिल्यांदा आलात. घरचाच चिवडा आहे."

"घरचा नाही, नमुन्याचा आहे."

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण पाहुण्याचं पहिलं 'नको' मानायचं नाही, असं आमच्याकडे शिकवलेलं. मी बेसनाच्या लाडवांचं खोकं उचललं आणि, "निदान हे तरी न्या, मुलांसाठी. तुम्हाला माझी शपथ आहे," म्हणत त्यांच्या बॅगेत सरकवायला गेलो. साहेब दोन्ही हात वर करून मागे सरले. सलूनवाला एकदम रस्त्यावरची रहदारी न्याहाळू लागला.

"काका," साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे मी कागदावर काय म्हणून लिहू?"

तेवढ्यात बायको आतून आली. तिने माझ्या हातातून खोकं काढून घेतलं, साहेबांकडून पैसे घेतले, पावती फाडली आणि सुटे परत दिले. नमुना पुढे उत्तम निघाला. त्याचं श्रेय मावश्यांना.

एवढं होऊनही मी सुधारलो नाही, याचा पुरावा म्हणजे वसुली. एका कंपनीने दिवाळीला ४०० खोकी घेतली. माल गेला, बिल गेलं, दिवाळी गेली, तुळशीचं लग्नही उरकलं; पैसे आले नाहीत. आता मागायचे कसे? दिलेली वाटीसुद्धा आईने कधी कुणाकडे मागितलेली नाही. मी कंपनीच्या हिशेबनिसाला फोन करायचो आणि, "सहज केला हो, तब्येत कशी आहे?" असं विचारायचो. त्याच्या मुलीची दहावी, त्याचे गुडघे, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असं सगळं मला कळलं. बिलाचा विषय निघाला नाही. "काका, तुमचा फोन आला की बरं वाटतं," असं तो म्हणाला.

सीएने सांगितलं, की २००६ च्या कायद्याप्रमाणे आपल्यासारख्या छोट्या उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मी कानावर हात ठेवले. व्याज? आपण काय सावकार आहोत?

बायको बार्शीच्या किराणा दुकानदाराची मुलगी. संस्कार तिच्याकडेही होते. देवघराशेजारीच 'आज रोख, उद्या उधार' अशी तसबीर होती म्हणे. कुणाच्या घरचे संस्कार भांडवल म्हणून घ्यायचे, हे व्याख्यात्यांनी स्पष्ट करायला हवं होतं. ती एक दिवस सीएकडून लिहून घेतलेलं पत्र आणि स्वतःचा जेवणाचा डबा घेऊन त्या कंपनीत गेली. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं सांगितल्यावर, "असू द्या, मला घाई नाही," म्हणून तिने स्वागतकक्षातल्या सोफ्यावर डबा उघडला. लसणाची चटणी होती. संध्याकाळी ती चेक घेऊन परतली, शिवाय पुढच्या दिवाळीची ऑर्डर, निम्मे पैसे आगाऊ.

"आणि व्याज सोडलंस ना?" मी भीत भीत विचारलं.

"सोडेन कशी? पुढच्या खोक्याच्या भावात घातलंय."

तेव्हापासून गल्ल्यावर ती बसते. माझ्याकडे परदेशी जाणाऱ्या फराळाची खोकी आली: पत्ते लिहायचे, कुरिअरवाल्याला द्यायची. निरुपद्रवी काम, असं तिला वाटलं होतं. पण खोक्यात कोपरा मोकळा दिसला, की माझ्या डोळ्यांपुढे न्यू जर्सीतलं ते एकटं पोरगं यायचं आणि मी तिथे दोन-चार लाडू बसवायचो. परदेशी कुरिअर वजनावर पैसे घेतं. एका लाडवाच्या प्रवासखर्चात इथे बरेच लाडू वळून होतात. बिल आल्यावर घरात बोलणं झालं.

आता माझ्यापर्यंत खोकी येतात ती चिकटपट्टी लावूनच. कात्री बायकोने गल्ल्यात ठेवली आहे.